दुसऱ्या गिअरचं वजन

११ जानेवारी

प्रिय धाकट्या,

सव्वादोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कारणं देत नाही. तीन कारणं लिहून पाहिली आणि तिन्ही खोडली. एकही पुरतं खरं नव्हतं. फोन केला असता, पण फोनवर तू "बोल लवकर, हात ग्रीसने भरलेत" म्हणतोस आणि मग मला काय बोलायचं होतं तेच आठवत नाही.

काम गाडीचं आहे. बाबांची ती दोन सीटची गाडी अजून आहे आणि अजून तेच चालवतात. शहात्तरावं लागलं त्यांना. दर रविवारी सकाळी टेकडीचा रस्ता चढून, वर दहा मिनिटं उभे राहून परत येतात. पण गेले सहा महिने डावा खांदा धरलाय. हात पुढे जातो, मागे जात नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा मागे ओढावा लागतो, तेव्हा कोपर पाठीमागे जातं आणि ते ओठ दाबतात. शेजारच्याला कळू नये म्हणून नेमकं त्याच वेळी खिडकीबाहेरचं काहीतरी दाखवतात. "ते बघ, नवीन दुकान." त्या कोपऱ्यावर दुकान कधीच नव्हतं.

आता त्यांनी कुठेतरी वाचलंय की शॉर्ट शिफ्ट किट बसवलं की दांड्याचा पल्ला कमी होतो, हात फार मागे न्यावा लागत नाही. आपल्या गाडीला दोन प्रकार बसतात. एक पल्ला पंचवीस टक्क्यांनी कमी करतं, दुसरं चाळीस. बाबांना चाळीसचं हवंय, हे सांगायला नको. मला विचारलं तर मला यातलं काही कळत नाही. "जो जाणतो त्याला विचार," एवढंच म्हणाले. तुझं नाव घेतलं नाही. पण गिअरबॉक्सवर पोट भरणारा आपल्या घरात दुसरा कोण आहे?

कुठलं घ्यावं ते कळव. तुझी वहिनी आणि मुलगी ठीक आहेत.

तुझा,
दादा

---

१९ जानेवारी

दादा,

पत्र मिळालं. सव्वादोन वर्षांनी भावाची आठवण झाली ती गिअरच्या दांड्यामुळे. असो, दांड्याचे उपकार.

नीट ऐक. किट म्हणजे जादू नाही. गिअरचा दांडा म्हणजे शाळेत शिकवलेली तरफ. किट त्या तरफेचा टेकू वर सरकवतं. वर हात कमी फिरतो, पण तेवढाच जोर जास्त लागतो. पल्ला जितका कमी, तितकं हातावर वजन. यातून कुणाची सुटका नाही. माझ्याकडे हौशी पोरं येतात, छाती काढून म्हणतात चाळीसच पाहिजे, आणि पंधरा दिवसांनी मनगट चोळत येतात, "काका, आधीचंच बसवा." म्हणून मी आधी माणूस मोजतो, मग किट काढतो.

दोन मापं घे. एक, मुठीला स्प्रिंगचा काटा अडकव, इंजिन बंद, क्लच पूर्ण दाबलेला, आणि दांडा सावकाश मागे ओढत दुसऱ्यात टाक. किती किलोला पडतो ते लिही. दोन, बाबांना त्यांच्याच सीटवर, त्यांच्याच अंतरावर बसव. काट्याचं एक टोक डॅशबोर्डखालच्या पट्टीला बांध, दुसरं त्यांच्या डाव्या हातात दे आणि कोपर मागे नेऊन ओढायला सांग. पाच वेळा. मला सगळ्यांत कमी आकडा कळव. जास्तीचा नको, माणूस गाडी काही फक्त आपल्या चांगल्या दिवशी चालवत नाही.

हे काम तुझ्याहून चांगलं कोण करणार? वजनमापं तपासणारा सरकारी माणूस तू. दुकानदारांचे काटे पकडतोस, आता बापाचा पकड.

त्यांना माझं नाव सांगू नकोस. म्हणजे सांगितलंस तरी बिघडत नाही. नकोच सांगू.

धाकटा

---

२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

परवा मोजमाप केलं. कचेरीतला तपासलेला काटा आणला होता. दांड्याला साडेतीन किलो लागतात. तीनदा ओढून पाहिलं, तिन्ही वेळा तेवढेच.

बाबांच्या हातात काट्याची कडी दिली तेव्हा म्हणाले, "हे काय? किलोवर विकतोस की काय मला?" मी म्हटलं, हे धाकट्याने सांगितलंय. तुझं नाव सांगितलं, माफ कर. ते गाडीतून उतरले, घरात गेले, आणि धुतलेला सदरा घालून परत आले. मग ओढलं. पाच वेळा. चष्मा घरातच राहिला होता त्यामुळे आकडा त्यांना दिसत नव्हता. प्रत्येक वेळी विचारत होते, "किती? किती?" लहान मुलाने गुण विचारावेत तसं.

सगळ्यांत कमी आकडा नऊ किलो.

हा काटा शेवटच्या वेळी गेल्या महिन्यात तपासलाय. आणखी एक गोष्ट लिहावी की लिहू नये, हे दोन दिवस ठरत नव्हतं. नाही लिहीत.

दादा

---

१० फेब्रुवारी

दादा,

नऊ! अरे बाप आहे की बैल? माझ्याकडच्या फिटरला ओढायला लावलं, तिशीतला गडी, कोपर मागे नेऊन अकरावर दमला. आयुष्यभर कवळ्या बनवताना त्या डाव्या हाताने खोटे दात कोरले, त्याचंच हे फळ असणार.

हिशेब सोपा आहे. पंचवीसचं किट त्यांच्या हाताकडून पावणेपाच किलो मागेल, चाळीसचं पावणेसहा. थंडीच्या सकाळी तेल घट्ट असतं, अर्धा किलो वर धर. नऊवाल्याला काय फरक पडतो? सहाच्या आत असते तर पंचवीसच्या वर जाऊच दिलं नसतं. खांदा मागे जात नाही ही अडचण खरी, तर चाळीसच बरं. कमीत कमी मागे जावं लागेल.

किट सोबत पाठवलंय. बाजारातल्यासारखं नाही ते. बुश, म्हणजे दांड्याभोवतीच्या कड्या, मी स्वतः घासून बसवलेत, टेकूचा गोळा तीन वेळा काढून घातलाय. तुमच्या गॅरेजवाल्याला सांग, हातोडी लावलीस तर येऊन बोटं मोडीन.

सदरा बदलून आले, ते वाक्य मी दोनदा वाचलं.

धाकटा

---

२१ मार्च

प्रिय धाकट्या,

किट मिळालं, बसवलं. गॅरेजवाल्याने हातोडी लावली नाही. तुझं काम बघून त्याने शिट्टी वाजवली आणि दोन बोटांनी सगळे गिअर टाकून दाखवले. बाबा बाजूला उभे राहून बघत होते.

सध्या ते गाडी कमी काढतात. ऊनही वाढलंय. बाकी ठीक.

दादा

---

२८ मे

दादा,

दोन महिने वाट पाहिली. तुझं ते चार ओळींचं पत्र मला गिळलं जात नव्हतं. तू दुधाच्या पिशवीबद्दलही चार ओळींत लिहीत नाहीस.

काल बाबांचं पत्र आलं. मी घर सोडल्यापासूनचं पहिलं. अक्षर इतकं वाकडं की पाकीट बघून मला वाटलं एखाद्या गिऱ्हाइकाचं आहे. तुला जसंच्या तसं उतरवून पाठवतो:

"तू पाठवलेलं किट उत्तम आहे. गॅरेजवाल्याने दोन बोटांनी गिअर टाकले. मला सगळा जोर लावूनही दुसरा पडला नाही. चौकात गाडी अडकली, मागचे हॉर्न वाजवत होते, शेवटी एका बाईने उतरून गाडी बाजूला घेऊन दिली. तुझं माप चुकायचं नाही हे मला माहीत आहे. म्हणजे हात गेला. कळलं ते बरं झालं. तुझ्या दादाने नऊ किलो सांगितले होते तेव्हा मी उगाच फुशारलो. गाडी तू घेऊन जा, किल्ली त्याच्याकडे दिली आहे. ग्रीसमध्ये हात घालून जगणाऱ्याला या घरात जागा नाही असं मी म्हणालो होतो, ते चुकीचं होतं. तुझे हात माझ्यापेक्षा चांगले निघाले. बाबा."

हे वाक्य ऐकायला मी अडीच वर्षं थांबलो होतो. मिळालं आणि पाच मिनिटं बरं वाटलं. मग मी आकडेमोड करायला बसलो.

नऊ किलो ओढणाऱ्या माणसाला पावणेसहा जड जात नाहीत. तीन महिन्यांत एवढा हात जात नाही. किट मी स्वतः मोजून पाठवलंय. मग चूक कुठल्या आकड्यात आहे, दादा? खाडाखोड करत बसू नकोस. एका ओळीत लिही.

धाकटा

---

६ जून

प्रिय धाकट्या,

एका ओळीत: सगळ्यांत कमी आकडा साडेपाच होता.

आता बाकीचं. नोव्हेंबरात मी बाबांबरोबर गाडीत होतो. शाळेसमोरच्या चौकात एक मुलगी सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. बाबांनी ब्रेक लावला, पण उशिरा. गाडी थांबली तेव्हा सायकलचं पुढचं चाक आणि आपला बंपर यांत वीतभर अंतर होतं. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, बाबांकडे नाही. बाबा म्हणाले, "हल्लीची पोरं बघत नाहीत." ती बघत होती. तेच बघत नव्हते. खांदा कळ देत होता आणि ते मला नसलेलं दुकान दाखवत होते.

त्या दिवसापासून मला त्यांची गाडी थांबवायची होती. तोंडाने सांगायला गेलो दोनदा. एकदा त्यांनी "काय रे, वजनमापवाले?" म्हणून विचारलं आणि मी जेवायला चला म्हणालो. दुसऱ्यांदा काय झालं ते लिहिण्यासारखंही नाही. मग तुझं पत्र आलं, तरफ, टेकू, हातावर वजन. काट्यावर साडेपाच दिसले तेव्हा हिशेब माझ्या डोक्यात आधीच झाला होता. पंचवीसचं किट त्यांना जमलं असतं. चाळीसचं जमणार नव्हतं, अगदी थोडक्यासाठी जमणार नव्हतं. गाडीच त्यांना नाही म्हणेल, मला म्हणावं लागणार नाही, असं मला वाटलं. बाबांनी "किती?" विचारलं आणि मी "नऊ" म्हणालो. ते हसले. एकवीस वर्षं मी खोट्या वजनांवर शिक्के मारून ती जप्त करतो आहे.

कारण त्या मुलीचं होतं, हे मी स्वतःला रोज सांगतो. पण सगळं लिहायचं तर हेही लिहायला हवं: गाडीला दोनच सीट होत्या आणि आपल्या लहानपणी दुसऱ्या सीटवर नेहमी तू असायचास. मी फाटक उघडायचो आणि लावायचो. यातलं किती त्या मुलीसाठी केलं आणि किती फाटकासाठी, ते मोजायला माझ्याकडे काटा नाही.

गाडीच फक्त बंद होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. हात गेला असं त्यांनी धरलंय आणि आता तो हात ते कशालाच लावत नाहीत. कोरायची हत्यारं एका डब्यात भरून माळ्यावर टाकायला लावली. सदऱ्याची बटणं माझी मुलगी लावते. दाढी मी करतो. परवा गाल ताणून धरला तेव्हा म्हणाले, "तुझा हात हलका आहे." मी ब्लेड धुण्याच्या निमित्ताने उठलो.

दादा

---

१३ जून

दादा,

मुलीसाठी केलंस की फाटकासाठी, ते तुझ्या वहीत लिही. मला त्यात रस नाही.

"बाबा, तुम्ही गाडी चालवू नका." पाच शब्द. ते ओरडले असते, ताट सरकवलं असतं, आठ दिवस बोलले नसते. मी अडीच वर्षं न बोलता राहिलो, मेलो नाही. तूही मेला नसतास. पण तुला चांगलं राहायचं होतं. बापाचा हात गेला तरी चालेल, तू चांगला राहायला हवास.

आणि ते माझ्या नावावर केलंस. त्यांनी किटवर संशय घेतला नाही, कारण ते मी बनवलं होतं. स्वतःवर घेतला. मी तीन वेळा काढून घातलेला तो गोळा, दादा. चांगलं काम केलं म्हणून बाप फसला. आणि त्यांनी माझी माफी मागितली ती तुझ्या खोट्या आकड्यावर उभी राहून. ती मी कुठे ठेवून घेऊ?

मीही फार शहाणा नाही. नऊ वाचून एक फोन करायला हवा होता त्यांना. "बाबा, खरंच नऊ?" एवढंच. मान आडवा आला.

गाडी मला नको. जुना दांडा परत बसव, त्यांना खाली आण, सीटवर बसव आणि सगळं सांग. साडेतीन किलो त्यांना जड नाहीत. दुसरा पडला की कळेल त्यांना हात कुठे गेलेला नाही. मग गाडी चालवायची की नाही ते तोंडावर भांडून ठरवा. भांडण झालं तर मला कळव, मी येईन भांडायला.

तोवर पत्र लिहू नकोस.

धाकटा

---

२ जुलै

प्रिय धाकट्या,

तू सांगितलंस तसंच केलं. आज सकाळी गॅरेजवाल्याने जुना दांडा बसवला. काटा लावून पाहिला, साडेतीन. मग बाबांना खाली आणलं.

गाडीत बसायच्या आधीच, फाटकाशी उभं राहून, मी सगळं सांगितलं. मुलगी, सायकल, साडेपाच, नऊ, चाळीस, पंचवीस. काही वगळलं नाही. ते पूर्ण ऐकून घेत होते, मान किंचित तिरकी, गिऱ्हाईक दाताची तक्रार सांगतंय असं.

"झालं?" म्हणाले.

"झालं."

"तू? तू खोटं वजन सांगितलंस?" आणि हसायला लागले. "अरे, लहानपणी दारात मास्तर आले की तुझी आई तुला सांगायची, बाबा घरात नाहीत म्हणून सांग. तुझे कान असे लाल व्हायचे की मास्तर थेट आत यायचे. तू काय खोटं बोलणार?"

"बाबा, खरंच साडेपाच होते. मी नऊ म्हणालो."

"होते नऊ म्हणून म्हणालास नऊ. आता मला बरं वाटावं म्हणून साडेपाच म्हणतोस. धाकट्याने शिकवलं का हे? त्याला म्हणावं, बापाची समजूत काढायला दोघांनी एवढं नाटक रचायची गरज नाही."

मी म्हटलं, बसा, दुसरा टाकून बघा. जुना दांडा आहे. पडेल.

ते बसले. क्लच दाबला. डावा हात मुठीवर ठेवला आणि मला त्याच क्षणी कळलं. मनगटाजवळची कातडी सैल पडली आहे, अंगठ्याच्या बुडाशी खड्डा दिसतो. रोज गालाला साबण लावताना तो हात मांडीवर पडलेला असायचा, मी पाहत होतो आणि पाहत नव्हतो. ओढलं त्यांनी. दांडा मध्यापर्यंत आला आणि थांबला. पुन्हा ओढलं. खांद्याला कळ आली असणार, पण या वेळी त्यांनी बाहेर काही दाखवलं नाही. तिसऱ्यांदा मी "राहू द्या" म्हणालो.

नंतर त्यांच्या हातात काटा दिला. तीनला थोडे कमी.

"बघ," म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते माझीच समजूत काढत होते. "मी तुम्हाला मार्चमध्येच सांगितलं होतं." मग खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या दंडावर थोपटलं, उजव्या हाताने. "तू चांगला आहेस रे. दोघंही चांगले आहात."

दुपारी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खांदा होता तसाच आहे, पण हात तीन-चार महिने वापरलाच नाही, म्हणून दंड वाळलाय. "कोणी सांगितलं वापरू नका म्हणून?" बाबा म्हणाले, "कोणी नाही." बाई म्हणाल्या, या वयात परत येईल तेवढा येईल, पण घरच्यांनी त्यांची कामं करणं बंद करावं. मी मान हलवली. बाबांनीही हलवली, पण बाहेर आल्यावर चपलेत पाय घालताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि चपलेचा पट्टा लावायला माझ्याकडे बघितलं. मी वाकून लावला. लावून झाल्यावर लक्षात आलं.

तू पत्र लिहू नकोस म्हणाला होतास, ते मोडतो आहे. भांडण झालं नाही, म्हणून तुला ये म्हणण्याचा हक्कही मला नाही. तरी एवढं लिहितो: मी आता खरं बोललो तर ते त्याला माया समजतात. या घरात माझ्या खऱ्याचं वजन संपलंय. तू बोललास तर ऐकतील की नाही ते मला माहीत नाही. आलास तर गाडीसाठी येऊ नकोस.

तुझी वहिनी म्हणाली, डॉक्टरांचं एवढं तरी उद्यापासून पाळ. मी म्हटलं, उद्या त्यांना कळणार नाही अशा बेताने ब्लेड संपलं म्हणून सांगतो. मग माझं मलाच ऐकू आलं.

उद्या: बाबांना तोंडावर सांगणे की मी तुमची दाढी करणार नाही.

दादा